शिरवळच्या बाई

साताऱ्याच्या कॉलेजात मी इतिहास शिकवते. गेल्या आठवड्यात दक्षिण आफ्रिकेतला वर्णभेद शिकवत होते. कायदे, वेगळ्या वस्त्या, परवाने एवढं झाल्यावर म्हटलं, आता घरांबद्दल बोलू. नवरा एका वर्णाचा आणि बायको दुसऱ्या वर्णाची, अशांना एका छपराखाली राहायची मुभा नव्हती. मग कुठं आईच शेजाऱ्यांपुढं मोलकरीण म्हणून वावरायची, आणि पोरांना बजावलेलं असायचं की बाहेर हिला आई म्हणायचं नाही.

एका मुलीनं विचारलं, "मॅडम, पण लहान पोराच्या ध्यानात कसं राहणार ते? तोंडातनं जातंच की."

"राहतं," मी म्हणाले. इतकं पटकन म्हणाले की सगळा वर्ग माझ्याकडं बघत राहिला. मग मला सांगावंच लागलं.

आमचं गाव आष्ट्याजवळ. ऊस, म्हशी, आणि बऱ्याच घरांतला एकजण पलटणीत. आमच्या घरातले वडील. त्यांची धाकटी बहीण, माझी आत्या, शिरवळच्या कारखान्यात नोकरीला लागली आणि तिथल्याच एका मुसलमान फिटरशी तिनं लग्न केलं. आजोबांनी घरात तिचं नाव काढायचं बंद केलं. असा काही कायदा नव्हता, तरी घरातल्या सगळ्यांनी तो पाळला. आईनं तेवढा मोडला.

आईचं माहेर साताऱ्याचं. माहेरी जाताना ती आधी साताऱ्याच्या स्टँडवर आत्याला भेटायची. मी तेव्हा पहिली-दुसरीत असेन. एसटीतच ती मला बजावायची, "कुणी विचारलं तर आत्या न्हाई म्हणायचं."

"मग काय म्हणायचं?"

"शिरवळच्या बाई."

स्टँडच्या मागच्या बाजूला, जुन्या टायरींच्या ढिगाजवळ एक बाकडं होतं. आत्या आधीच येऊन बसलेली असायची. ईदेनंतर गेलो तर तिच्या डब्यात शीरखुर्मा असायचा. मी तो खात बसले की ती माझ्या वेण्या सोडून पुन्हा घालायची. आईनं लय आवळून घातल्यात, म्हणायची. मग त्या दोघींचं सुरू व्हायचं. गावात कुणाचं लग्न ठरलं, कुठली म्हैस व्याली, कुणाच्या सुनेनं सासूला काय सुनावलं. आत्याला सगळं हवं असायचं.

एकदा आईच्या माहेरच्या गल्लीतल्या काकू अचानक पुढ्यात उभ्या राहिल्या. आत्याकडं बघत म्हणाल्या, "ह्या कोण गं?"

आईच्या आधी मीच बोलले, "शिरवळच्या बाई."

"व्हय, माझी गाडी यायचीय," आत्या म्हणाली.

काकू गेल्यावर आई पदर तोंडाला लावून हसायला लागली, आत्याही हसली. मला शाबासकी मिळाली. पण नंतर आत्यानं मला मांडीवर घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

एका वर्षी वडील सुट्टीवर आले होते. आम्ही निघताना त्यांनी काकवीची बाटली आणून आईच्या पिशवीत ठेवली. "घेऊन जा. शिरवळात आसली मिळत न्हाई." आई त्यांच्याकडं बघतच राहिली. ती माहेरी निघालीय एवढंच तिनं त्यांना सांगितलं होतं.

पुढच्या सुट्टीला ते स्वतःच आमच्याबरोबर आले. आत्या उठून उभी राहिली.

"दादा, वाळलास की."

"मेसचं जेवण," वडील म्हणाले आणि बाकड्यावर बसले. जरा वेळानं त्यांनी विचारलं, "कसा हाय त्यो?"

"बरा हाय. भाईर फाटकापाशी हाय. म्हणला, आदी तुमी बोला."

वडील उठले आणि फाटकाकडं चालू लागले. आम्ही लांबनं बघत होतो. दोघं चहाच्या गाड्यापाशी उभे होते, बोलत कमी होते. परत आल्यावर वडील आईला एवढंच म्हणाले, "सरळ माणूस हाय." आमच्याकडं आत्याच्या नवऱ्याला मामा म्हणतात; त्या दिवसापासनं ते माझे मामा झाले.

आजोबा शेवटपर्यंत बदलले नाहीत. ते गेले तेव्हा वडिलांनी शिरवळला जाऊन दोघांना घरी आणलं. तेराव्याला काही भावकी न जेवता उठून गेली. आई बाकीच्यांना वाढत राहिली.

रविवारी मी शिरवळला गेले. आत्या आता थकलीय, पण ऐकू चांगलं येतं. वर्गात आमची गोष्ट सांगितली म्हटल्यावर तिनं विचारलं, "काय काय सांगितलंस?"

"आपण चोरून भेटायचो, ते."

"आन् मज्जा यायची, ते?"

"ते तेवढं राहिलं."

"मग ते सांग की. न्हाईतर पोरास्नी वाटंल, आमी निसतं रडतच बसलो हुतो." मग ती आत मामांना म्हणाली, "आवं, हिला च्या टाका. सांजच्या गाडीनं जायाचं म्हणती."

मी म्हटलं, सकाळच्या गाडीनं जाईन.