पोन्मलैच्या खडकावर घेतलेला विडा

मामांनी पुढे केलेला विडा मी उचलून तोंडात टाकला, त्या क्षणी माझं सगळं बदललं. त्रिचीजवळच्या पोन्मलैवर, अर्ध्या चढणीत, उघड्या खडकावर. तो डोंगर चढू पाहणाऱ्यांच्या उपयोगी पडेल ते मी सांगतोच. पण डोंगराविषयी लिहायचं आणि विड्याविषयी गप्प बसायचं, हे मला जमणार नाही.

आधी आमच्याकडची रीत सांगतो. कावेरीकाठच्या आम्हा मराठी घरांत मामाच्या मुलीवर पहिला हक्क आत्याच्या मुलाचा. मुलगी दुसरीकडे द्यायची, तर मामा भाच्यापुढे विडा धरतो. भाच्याने हात लावला नाही, तर पुढचं बोलणं थांबलं. खाल्ला, तर हक्क सुटला. बिनलग्नाच्या मुलाने एरवी पान खायचं नाही, त्यामुळे त्याचे ओठ लाल दिसले की कुणाला काही विचारावं लागत नाही.

माझ्या मामांची मुलगी येसू. तिच्यासाठी मी काय काय ठरवून ठेवलं होतं ते इथे लिहीत नाही, कागद पुरणार नाही. त्यातलं पहिलं होतं बी. ए. होणं, आणि ते मी नुकतंच मोडून टाकलं होतं. वर्गात प्रोफेसर म्हणाले, "तुम्ही राव मंडळी अजून आजोबांच्या पेन्शनवर जगता." मी उभा राहिलो, "आजोबांचं तंजावरचं राज्य कुणी घेतलं, ते आधी सांगा," म्हणालो आणि पुस्तकं बाकावरच टाकून बाहेर पडलो. माफी मागायला बोलावलं, तर गेलो नाही.

तेवढ्यात मामांचा निरोप आला: "अक्काला घेऊन ये. डोंगर बघ, जरा हवा बदलेल." मामा रेल्वेच्या कारखान्यात कारकून, राहायला तिथल्याच नव्या वस्तीत. मला काय, येसू दिसणार एवढंच कळलं.

कुंभकोणमहून सकाळची गाडी धरावी. तिसऱ्या वर्गात उन्हाच्या उलट बाजूचं बाक पकडावं, नाहीतर तंजावर येईपर्यंत भाजून निघाल. खाणं घरचं न्यावं. आम्ही चिंचेचा भात नेला होता. अम्माने, म्हणजे मामांच्या अक्काने, मामीसाठी मोगऱ्याचा एवढा मोठा गजरा घेतला होता, की समोरची शेंगा विकणारी बाई माझ्याकडे बघून हसली. "एन्न तंबी, कल्याणमा?" लग्नाला का, बाळा?

"तुझ्या तोंडात साखर पडो," अम्मा म्हणाली आणि तिच्याकडून नको असलेल्या शेंगाही घेतल्या. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. हसू आवरत नव्हतं.

त्रिचीच्या अलीकडेच उतरावं. वस्ती पाहण्यासारखी आहे. एकासारखं एक घर, सरळ रस्ते, कालच लावलेली कडुनिंबाची रोपं, आणि कारखान्याचा भोंगा झाला की सायकलींचा लोंढा. आमच्या भातखाचरांच्या सपाट मुलखातून आलेल्याला डोंगर म्हणजे नवलच. इथे परसातली धुणी वाळताहेत, आणि त्यांच्या मागे एकदम नागडा खडक उभा.

दुसऱ्या दिवशी उजाडताच निघालो. उशीर करू नका. ऊन चढलं की दगडावर पाय ठेववत नाही. नव्या चपलाही नकोत, घसरतात. अम्माचे गुडघे दुखतात, म्हणून ती पायथ्याशी दहीभाताचा डबा घेऊन झाडाखाली बसली. मामा, येसू आणि मी वर निघालो. वाट अशी नाहीच. काटेरी झुडपं चुकवत, भेगांत बोटं रुतवत चढायचं. येसू ओचा खोचून पुढे.

"सेतू, कॉलेज सोडलंस तसा डोंगर सोडू नकोस अर्ध्यात!"

"तू वर पोच, मग बोल."

"मी पोचतेच. मागे बघ जरा, अप्पा राहिले."

मामा एका सपाट कातळावर बसले होते. येसू पुढे गेली, मी परत फिरलो. त्यांनी कमरेची पानाची पिशवी सोडली, विडा बांधला.

"अंबी," मामांनी मला लाडाने हाक मारली, "कारखान्यात नकाशे काढणारा एक मुलगा आहे. त्याच्या घरून विचारलंय. चारचौघांत तुझ्यापुढे पान धरण्याआधी इथे एकट्याला विचारतो. कॉलेजात परत जातोस? जातोस तर ही पिशवी मी बांधून टाकतो."

"म्हणजे मुलगी बी. ए.ला द्यायचीय, मला नाही!"

"तसं कोण बोललं रे?"

"मग धरा ना पान! धरा!"

त्यांनी धरलं. मला नुसतं पान दिसलं. मी ते ओढून तोंडात कोंबलं.

मामा उठून उभे राहिले. "थुंक. थुंक रे सेतू, कुणी बघितलं नाही."

आणि मी त्यांच्या डोळ्यांत बघत चावत राहिलो.

माथ्यावर देऊळ नाही, सावली नाही. वारा मात्र आहे. त्रिचीचा किल्ल्याचा खडक दिसतो, पलीकडे श्रीरंगमची गोपुरं, हवा स्वच्छ असेल तर कावेरीची पांढरी रेघ. हे सगळं येसूच बोटाने दाखवत होती. मग तिने वळून माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि तिचं बोट खाली आलं.

"अप्पा म्हणाले होते, रागात खाईल," ती म्हणाली. "मी म्हणाले, छे. राग आला तर पान दगडावर आपटेल तो, खाणार नाही."

माझ्या रागावर तिने माझ्यापेक्षा जास्त विश्वास ठेवला होता. मीच त्याला चुकीच्या वाटेने जाऊ दिलं.

उतार चढणीपेक्षा अवघड आहे, बसून सरकावं लागतं. अम्माने मला लांबूनच पाहिलं आणि डब्याचं झाकण परत लावलं. "चूळ भर," एवढंच म्हणाली.

कुंभकोणमला परत आल्यावर मी प्रोफेसरांची माफी मागून आलो. आता नाव पुन्हा घालतीलही. त्या प्रवासातलं माझ्याजवळ काय उरलं विचाराल, तर ढोपरावरचं खरचटलेलं भरून आलंय, आणि मामांचं "थुंक रे" दिवसातून कितीदा तरी ऐकू येतं.

आज मामा, मामी आणि येसू आमच्याकडे आले आहेत. तिचं त्या नकाशेवाल्याशी ठरलंय, आणि लग्नाचं रेशीम कुंभकोणमचंच हवं. विणकराने माजघरात लुगडी पसरली होती. मी दाराशी उभा होतो.

"सेतू," येसूने वर न बघता विचारलं, "पिवळं की मोरपिशी?"

मामांनी सुपारी कातरायची थांबवली. माझ्या ओठांपर्यंत पुष्कळ आलं होतं.

"मोरपिशी," मी म्हणालो.

तिने ते उचलून खांद्यावर टाकलं. तिला शोभत होतं. विणकर भाव सांगू लागला. मी बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं.