बोट उचलेपर्यंत

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, एका मंगळवारी सकाळी, मुलुंडच्या एका खासगी रुग्णालयात आमच्या कंपनीच्या चौकशी यंत्राने एका बाईंना डोळ्यांच्या डॉक्टरांऐवजी दातांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. यंत्राचा प्रोग्रॅम मी लिहिला होता, आणि ते नीट चालतंय का हे बघायला मी तिथे बसत असे.

बाई साठीच्या, मूळच्या मालवणकडच्या, राहायला नाहूरला. उजव्या डोळ्याने अंधुक दिसू लागलं होतं. डोळ्यांचे डॉक्टर फक्त मंगळवारी येत. दातांच्या खोलीबाहेर तासभर बसून बाई परत आल्या, तोवर डोळ्यांच्या डॉक्टरांचे नंबर बंद झाले होते.

“ह्या डबड्यान माका दातवाल्याकडे धाडल्यान,” त्या मला म्हणाल्या. “माझ्या तोंडात दातच नाय. तो काय बघतलो?”

दारातला शिपाई हसला. “मावशी, कवळी तरी मागायची ना!”

“तुझी दी काढून.”

मी त्यांना पुन्हा करून दाखवायला सांगितलं. पडद्यावर विभागांची यादी होती. पहिली ओळ दातांची, पाचवी डोळ्यांची. काचेला बोट लागताच यंत्र ती ओळ निवडून खोलीच्या क्रमांकाची चिठ्ठी छापत असे. बाईंनी पहिल्या ओळीखाली बोट टेकवलं आणि एकेक अक्षर लावू लागल्या. दुसऱ्या अक्षराआधीच चिठ्ठी बाहेर आली. दातांची.

“वाचूक तरी दी, मेल्या,” त्या यंत्राला म्हणाल्या.

प्रौढांच्या वर्गात त्या तसंच, अक्षरांखाली बोट ठेवून, वाचायला शिकल्या होत्या. अंधेरीच्या ऑफिसात आम्ही चाचणी एकमेकांवरच घेतली होती. आम्ही सगळे आधी वाचून मग बोट लावणारे.

डोळ्यांच्या खोलीबाहेर कंपाउंडर बसला होता. चूक यंत्राची आहे, यांची नाही, असं मी त्याला सांगितलं.

“मग यंत्राचा नंबर लावू का?” तो म्हणाला. “पुढच्या मंगळवारी या, मावशी.”

त्या आठवड्यात मी प्रोग्रॅम बदलला. बोट टेकलं की ओळ फक्त उजळायची. बोट सरकवलं की पुढची. बोट उचललं की मगच चिठ्ठी.

पुढच्या मंगळवारी बाई लवकर आल्या.

“आता दातवालो नाय मा?”

“नाही. सावकाश वाचा.”

पाचव्या ओळीपर्यंत पोचायला त्यांना बराच वेळ लागला. मागे रांग झाली. मग त्यांनी बोट उचललं आणि चिठ्ठी घेऊन जिना चढून गेल्या.

डॉक्टरांनी त्यांना अकराच्या सुमारास तपासलं. मोतीबिंदू होता.