नव्या बोअरचं पाणी

टाकीत इमल्शन फाटलं होतं. चॉकलेटी सायीसारखं दिसायला हवं, तिथे पिवळट पाण्यात काळ्या गुठळ्या सावकाश फिरत होत्या. मी त्यांच्याकडे किती वेळ बघत उभी होते कोण जाणे. बबीना रोडवरचा आमचा प्लांट उन्हात तरंगत होता. आवाजही फार लांबून आल्यासारखे वाटत होते.

मी इथली केमिस्ट. खाणीतलं नैसर्गिक डांबर आमच्याकडे पोत्यांतून येतं. कोळशासारखं काळं, फोडलं की काचेसारखं चमकणारं. ते तेलात वितळवून मऊ करायचं. मग साबणासारखं रसायन घातलेल्या गरम पाण्याबरोबर मिलमध्ये, म्हणजे दळणाऱ्या यंत्रात, फिरवायचं. डांबराचे इतके बारीक थेंब होतात की ते पाण्यात तरंगत राहतात. हेच इमल्शन. ते छतावर ब्रशने थंडच लावता येतं. पाणी उडून गेलं की गळती थांबवणारा थर उरतो. ही बॅच समथर गावातल्या एका प्रसूतिगृहासाठी होती. पावसाला थोडेच दिवस उरले होते.

मॅनेजर सक्सेनाजी आले. "रामसेवक ने टेंपरेचर नहीं देखा होगा. अब छुट्टी करो उसकी."

मी शाळेत होते तेव्हापासून रामसेवक भैया ही मिल चालवतात. त्यांनी नुसते हातमोजे काढून कठड्यावर ठेवले. सक्सेनाजी गेल्यावर म्हणाले, "मैडम, पानी को स्वाद बदल गओ."

सोमवारी नवा बोअर जोडला होता. टेस्ट न करता रजिस्टरवर सही मीच केली होती.

लॅबमध्ये एका बरणीत जुन्या विहिरीचं पाणी घेतलं, दुसरीत बोअरचं. दोन्हींत तेच रसायन घालून हलवलं. पहिलीत फेस चढला. प्रत्येक बुडबुड्यात इवलीशी खिडकी आणि आकाश. दुसरीत नुसता पांढरा चोथा. पाणी जड होतं. अशा पाण्यात डाळ शिजत नाही, तसं इमल्शनही टिकत नाही. पाण्यातले क्षार रसायनाला निकामी करतात आणि थेंब एकमेकांना चिकटतात.

बरण्या घेऊन सक्सेनाजींच्या केबिनमध्ये गेले. "सर, गलती मेरी है. पानी मैंने पास किया था."

"लिखकर दोगी?"

"अभी देती हूँ."

मेमो मला मिळाला. रामसेवक भैया कामावर राहिले. विहिरीच्या पाण्यावर दुसरी बॅच काढली. मिलमधून गुळगुळीत धार पडू लागली, तशी आम्ही दोघं बघत राहिलो.

पावसाळाभर समथरहून एकही तक्रार आली नाही. आमच्या धंद्यात शाबासकी एवढीच. पाणी हाही कच्चा माल असतो. नळातून येतो म्हणून तो तपासायचं कुणाच्या लक्षात राहत नाही, इतकंच.