वाढणाऱ्यांसमोर विचारलेला प्रश्न

मंडळी, आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

इथे कार्डिफमध्ये एक संस्था एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी लंच क्लब चालवते. आमच्या शेजारच्या काकूंना मी तिथे गाडीने नेते-आणते. क्लबचा लोकांना खरंच उपयोग होतोय का, हे तपासायला आज एक बाई आल्या होत्या. त्यांनी भर जेवणात, वाढणाऱ्या मुलीसमोरच काकूंना विचारलं, जेवण आवडतं का?

काकू हसून म्हणाल्या, "व्हेरी गुड!"

गाडीत बसल्यावर त्यांनी पर्समधून टिश्यूत गुंडाळलेलं सँडविच काढलं. "गारढोण असतं गं. दातांना सोसत नाही."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तिच्या तोंडावर? बिचारी इतक्या प्रेमाने वाढते!"

मी तडक परत आत जाऊन त्या तपासणीवाल्या बाईंना हे सांगितलं. बाई म्हणाल्या, "बट एव्हरीवन सेड व्हेरी गुड!"

अहो, म्हणणारच ना! म्हणजे रिपोर्टमध्ये क्लब यशस्वी, आणि आमच्या काकू घरी जाऊन चहा-बिस्किटांवर दिवस काढणार. याला काय तपासणी म्हणायची?

खरं सांगा, तुमची आई तरी तिथे काय म्हणाली असती?