जखम बघून टायर

"कुठं पडला? दाखव."

टायर घ्यायला आलेल्या माणसाला त्या सायकलवाल्याचा पहिला प्रश्न हा असायचा. सायकल कुठली, चालवता कुठे, असलं काही नाही. तुम्ही बिचकत गुडघ्याकडे बोट केलं की तो खाली बसून तुमची पँट स्वतःच वर सारायचा आणि खपली अंगठ्याने दाबून बघायचा. तुम्ही बोंब ठोकलीत तरी त्याच्या चेहऱ्यावरची रेष हलायची नाही. "डावीकडं वळताना पुढचं चाक सरकलं. मुरमावर. बरोबर?" बरोबरच असायचं.

मखमलाबाद रोडला त्याचं दुकान होतं. नाशिकच्या भोवतालच्या डोंगरांत रविवारी सायकली घालून हाडं मोडून घेणारे आम्ही दहा-बारा नोकरदार त्याची गिऱ्हाइकं. सोमवारी संध्याकाळी त्याच्या दारात आम्ही अशा थाटात उभे असायचो की येणाऱ्या-जाणाऱ्याला हाडवैद्याची रांग वाटावी. कुणी कोपर वर धरलेला, कुणी शर्ट पाठीवरून उचललेला. गुडघा आणि कोपर एकाच बाजूचे सोललेले असतील तर पुढचा टायर बदलायचा, खोल दातांचा. कुल्ला सोललेला असेल तर दोष मागच्याचा. आमच्यातला एक जण तोंडावर पडून समोरचे दोन दात पाडून आला, तेव्हा याने त्याचा जबडा हातात धरून आत बघितलं आणि म्हणाला, "टायर नाय, अक्कल बदल."

"पुढच्यानं चावायचं, मागच्यानं पळायचं," हे त्याचं आवडतं वाक्य. पुढचा टायर दातेरी आणि रुंद, मागचा जरा गुळगुळीत. पण त्याचं खरं वैर पातळ टायरशी. आपल्या डोंगरातला काळा दगड फुटला की त्याला धार येते, आणि ती टायरला खालून नाही, बाजूने कापते. ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब नसते. आत पांढरा चीक ओततात, तो छोटी भोकं बुजवतो. पण बाजू फाटली की चीक बाहेर, हवा बाहेर, आणि उतारावर असाल तर तुम्हीही बाहेर.

एक इंजिनिअर परदेशातून हलके टायर मागवून ते बसवून घ्यायला आला होता. याने टायरची बाजू चिमटीत धरली, पट्टी कापायचा चाकू उचलला आणि सरळ आत खुपसला. "आपल्याकडला दगड असा घुसतो," म्हणाला आणि वीतभर फाडून दाखवला. इंजिनिअरने त्याच्या तोंडावर ठोसा मारला. याने पाना फेकला, तो इंजिनिअरच्या कानाजवळून जाऊन शेजारच्या चहावाल्याच्या बरणीवर बसला. खारी आणि काचा रस्ताभर झाल्या. आम्ही पाच जणांनी मिळून दोघांना सोडवलं, तेव्हा याच्या ओठातून रक्त गळत होतं आणि तो अजून फाटका टायर हवेत नाचवत होता. दोनेक महिन्यांनी तोच इंजिनिअर खांद्याची सालटी लोंबत असताना रांगेत उभा राहिला. याने काही बोलून दाखवलं नाही. खांदा बघितला आणि जाड टायर काढून दिला.

हसताना तो एकाच वेळी दिसायचा. ट्यूबलेस टायरमध्ये जोरात हवा भरली की त्याची कडा रिमच्या खाचेत जाऊन बसते, आणि तेव्हा बंदूक उडाल्यासारखा आवाज होतो. एकदा एका बाजूला, एकदा दुसऱ्या. रस्त्यावरची माणसं दचकून खाली वाकायची, कुत्री पळायची, आणि हा दुकानात बसून गालात हसायचा.

माझ्या चाकात नेहमी हवा जास्त असायची. तो टायरवर बोट मारायचा, मग तेच बोट मुडपून माझ्या डोक्यावर. "दगड भरला का आत? टायर दगडावर बसला पाहिजे, उडाला नाय पाहिजे." आणि फस्स करून हवा सोडायचा. यात कसलं तत्त्वज्ञान शोधू नका. तो टायरबद्दलच बोलत असायचा. पण मला प्रत्येक वेळी राग यायचा, आणि घरी येऊन मी पुन्हा हवा भरायचो.

आता रागाचं म्हणाल, तर खरा राग माझाच.

एका शनिवारी माझं मीनलशी, म्हणजे माझ्या बायकोशी, भांडण झालं. विषय काय होता ते आज आठवत नाही, याची लाज जास्त वाटते. मी तिला मारलं. पहिली थप्पड गालावर बसली. दुसऱ्या वेळी मूठ होती. ती बाजूला झाली आणि मूठ लोखंडी कपाटाच्या कडेवर आपटली. तीन पेरांची कातडी उडाली. कपाटावर रक्ताचा ओघळ आला आणि तो बघत मीनल अगदी हळू म्हणाली, "हे पहिलं नाही. पण पुढचं झालं तर मी नामपूरला आईकडे जाईन, आणि परत येणार नाही." ती बोलते तसं करते, हे मला माहीत होतं.

सोमवारी मी दुकानात गेलो. माझ्या पुढच्या टायरचे दात झिजले होते, नवा हवाच होता.

"कुठं पडला? दाखव."

मी उजवा हात पुढे केला. "रामशेजच्या उतारावर. उजव्या वळणाला."

त्याने हात धरला. पेरांवरची खपली दाबली नाही. हात उलटा केला, तळव्यावरून अंगठा फिरवला, पुन्हा सुलटा केला. मग दुसरा हात मागितला, त्याचाही तळवा बघितला.

"पडणारा माणूस तळहात टेकतो," तो म्हणाला. "मूठ कोण टेकतं रे?"

मी हात सोडवून घ्यायला बघितलं.

"बायको?"

मी त्याची कॉलर धरली आणि त्याला लटकवलेल्या टायरांवर ढकललं. चार-पाच टायर आमच्या अंगावर कोसळले. मी त्याच्या तोंडावर एक ठेवून दिली, मग दुसरी. पाना फेकणारा हा माणूस आता मला फाडून खाणार, या तयारीत मी होतो. त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत अडकवले. तसाच उभा राहिला. नाकातून रक्त येऊन मिशीत उतरत होतं, ते पुसायलाही त्याने हात पुढे आणला नाही.

"मार," तो म्हणाला. "मी हात लावणार नाय. हे हात लय वाईट हायेत."

माझा हात आपोआप थांबला. मग त्याने सांगितलं. पंधरा वर्षांपूर्वी याच दुकानाच्या मागच्या खोलीत त्याने बायकोच्या डाव्या कानाखाली मारली. एकच. कानातून रक्त आलं आणि तो कान कायमचा गेला. ती घोटीला माहेरी गेली ती गेलीच. "दिवाळीला फोन करते. डावा कान मी घालवला, म्हणून ती फोन उजव्या कानाला लावते. मला हितं बसून ते दिसतं."

मी खाली पडलेले टायर उचलून खिळ्यांना लावले. दुसरं काय करणार होतो? निघताना निर्लज्जासारखं विचारलं, "माझा टायर?"

"तुला नाय. तळहात सोलून ये, मग देतो."

घरी येऊन मी मीनलला सगळं सांगितलं. ती गवार मोडत होती. "हे सांगायला तुला सायकलवाला लागला?" एवढंच म्हणाली आणि गवार मोडत राहिली. पण त्या संध्याकाळी मी चाकातली जास्तीची हवा सोडली ती परत भरली नाही.

पुढच्या दोन महिन्यांत एकदा माझा हात वर गेला. खोटं कशाला सांगू. मीनल हलली नाही, नुसती बघत राहिली. मी तो हात खाली आणून पाठीमागे नेला, दुसऱ्या हातात अडकवला आणि तसाच घराबाहेर चालत गेलो. तासाभराने आलो तेव्हा ती घरातच होती. त्या दिवशी मला त्या माणसाबद्दल जी माया वाटली, ती मी कुणाबद्दल सहसा बोलून दाखवत नाही.

आणि मग एका रविवारी चामर लेण्यांच्या मागच्या उतारावर झिजलेला पुढचा टायर मुरमावर सरकला आणि मी खरोखर पडलो. दोन्ही तळवे टेकून दहा फूट घसरत गेलो. कातडी गेली, खडे आत रुतले, रक्त मनगटापर्यंत आलं. उठून मी हातांकडे बघितलं आणि वेड्यासारखा हसायला लागलो. जखमा धुतल्यासुद्धा नाहीत. तसाच सायकल हाणत थेट त्याच्या दुकानाकडे निघालो.

शटर अर्धं वर होतं. चहावाल्याने मला अडवलं. "साहेब, तो गेला ना. दहा दिवस झाले. टायर चढवता चढवता खाली बसला, उठलाच नाय. आत त्याची बायको आलीय, आवराआवर करतीय."

मी वाकून आत गेलो. एक सडपातळ बाई माझ्याकडे डावी बाजू करून उभी होती आणि खिळ्यांवरचे टायर एकेक करून उतरवत होती.

"वहिनी," मी म्हणालो.

तिला ऐकू गेलं नाही. कान कोणता ते मला कळायला हवं होतं. पण मला घाई झाली होती. ज्याला दाखवायचं तो नव्हता, निदान तिला तरी दाखवावं, सांगावं की तुमच्या माणसाने माझं घर राखलं, असं काहीतरी डोक्यात होतं. मी दोन पावलं पुढे गेलो आणि रक्ताने भरलेले दोन्ही तळवे तिच्यासमोर वर धरले.

ती वळली. तिच्या हातातला टायर खाली पडला, मान खांद्यात गेली, आणि डावा हात झटकन वर येऊन डाव्या कानावर बसला.

मी हात खाली घेतले. पाठीमागे नेले. तिचा हात बराच वेळ कानावरून निघाला नाही.