जावईबापूंची गरम गाडी

ताईचा फोन आला तेव्हा मी नुकताच जेवून उठलो होतो. "सुधाकर, हे गेले रे," एवढंच म्हणाली. त्यावर माझ्या तोंडून जे निघालं ते लपवण्यात अर्थ नाही. मी विचारलं, "गाडीत, का घरी?" बायको समोरचं ताट उचलत होती. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की फोन घेऊन मला अंगणात जावं लागलं. दुकानात, ताई म्हणाली. कामरगावच्या त्यांच्या बी-बियाण्याच्या दुकानात खुर्चीवर बसल्या बसल्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. नेलं शेजाऱ्याच्या गाडीतून. स्वतःची गाडी दारात उभी होती, चावी खिशात होती, पण ती गाडी घेऊन निघायची हिंमत तिथल्या कुणालाच झाली नाही. कारंजा येईपर्यंत ती तापणार, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

माणूस गेला की त्याच्याबद्दल चांगलंच बोलायचं, अशी आपल्याकडे पद्धत आहे. तेरवीला ती पाळली गेली. गावातल्या एका पुढाऱ्यानं हात जोडून सांगितलं, "मनोहररावांसारखा गाडीतला जाणकार आपल्या भागात झाला नाही. बोनेट न उघडता रोग सांगायचे." मी मागच्या सतरंजीवर बसलो होतो. वाक्य खरंच होतं. मनोहरराव बोनेट न उघडताच रोग सांगायचे, आणि म्हणूनच त्यांनी सांगितलेला एकही रोग त्या गाडीला कधी नव्हता. माणसं माना डोलवत होती. ज्यांच्या गाड्या, पंप आणि ट्रॅक्टर त्यांच्या सल्ल्यानं बिघडले होते, तेही डोलवत होते. मला उठून बाहेर जावंसं वाटलं, पण मी मेलेल्याचा सख्खा मेहुणा. बसून राहिलो.

मनोहरराव आमच्या घरी जावई म्हणून आले तेव्हा मी आयटीआयला शिकत होतो. पुढं त्याच आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा विषय मी निवृत्त होईपर्यंत शिकवला. पण जावई तो जावई. आमच्या मंगरूळच्या घरात त्यांना पाट, पाण्याचा तांब्या आणि शेवटचा शब्द, हे तिन्ही न मागता मिळायचे. बाबांनी उभ्या आयुष्यात कुणापुढं मान खाली घातली नाही, पण मनोहरराव बोलायला लागले की ते ऐकत बसायचे. पाऊस कधी येईल, सोयाबीनवर काय फवारावं, आईचे गुडघे कशानं दुखतात, पंतप्रधानांचं कुठं चुकतं... सगळं त्यांना ठाऊक. त्यांना कुणाला काही विचारताना मी कधी पाहिलं नाही. लहान पोरालाही हा माणूस "तुझं नाव काय" असं विचारायचा नाही. "तू गजाननचा ना," म्हणायचा, आणि ते पोर भलत्याच कुणाचं तरी निघायचं.

मग त्यांनी अकोल्याहून ती डिझेलची जुनी गाडी आणली. पांढरी, लांब, इंजिन चांगलं दणकट. ज्यानं विकली त्यानं स्वस्तात का दिली, हा प्रश्न दुसऱ्या कुणाला पडला असता. पहिल्याच फेरीत कारंजाच्या पुढं तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला. आमच्या घरी आल्यावर मी म्हटलं, "भाऊजी, कधी गरम होते? गर्दीत, का पळताना?" गाडीच्या बाबतीत हा पहिला प्रश्न असतो. वर्गातल्या पोरांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवायचो. उभ्या गाडीत, गर्दीत तापली तर पंखा पहा. चढावर, जोरात पळताना तापली तर पाणी फिरतं का ते पहा. थंड असताना रेडिएटरचं झाकण काढून चालू करा, पाण्यात बुडबुडे आले तर इंजिनाच्या हेडखालची गॅस्केट फाटली समजा. एवढ्यावर अर्धं काम होतं. मनोहररावांनी माझ्याकडे पाहिलं आणि बाबांकडे वळून हसले. "गरम होते म्हंजे गरम होते, साळेबुवा. तुमी फळ्यावरच्या गाड्या शिकवून राह्यले, ही रस्त्यावरची आहे." बाबाही हसले. विषय संपला.

त्यानंतरची कथा ऐकण्यासारखी आहे. पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी थर्मोस्टॅट काढून नाल्यात फेकला. इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारा हा वाल्व थंड देशाच्या लोकांसाठी असतो, आपल्या विदर्भात त्याचं काय काम, असं त्यांचं म्हणणं. त्याचा परिणाम एवढाच झाला की थंडीत गाडी लवकर तापेना आणि सकाळी धूर ओकायला लागली. मग रेडिएटर बदलला. मग पाण्याचा पंप बदलला. मग पंख्याची वायर थेट जोडून टाकली, चावी फिरवली की पंखा सुरू, त्यात बॅटरी गेली. मग कुणाकडून तरी ऐकून रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकली, गळती बंद व्हावी म्हणून. गळती नव्हतीच. पुढं एका उन्हाळ्यात तर शोध लागला की आतला हीटर पूर्ण सोडला की काटा थोडा उतरतो. ही एक गोष्ट मात्र बरोबर होती, इंजिनाची आच तेवढी गाडीत येते. तेव्हा भर मे महिन्यात, काचा खाली करून, हीटर सोडून, ताई आणि ते कारंजा-वाशिम करायचे. मी त्यांना एकदा मंगरूळच्या स्टँडसमोर पाहिलं. ताईचा चेहरा उकडलेल्या भाजीसारखा झाला होता आणि हे स्टेअरिंगवर हात ठेवून कुणाला तरी सांगत होते, की गाडी आता ओके आहे.

प्रत्येक वेळी काहीतरी बदललं की ते विजयी चेहऱ्यानं आमच्याकडे यायचे. जाताना गाडी तापायची. मग पुढच्या वेळी नवा रोग. मी चारदोनदा म्हणालो, "चावी देऊन जा, एक दिवस माझ्याकडं ठेवा." ते म्हणायचे, "तुमी मास्तर लोक गाडी खोलता, अन् बसवताना बोल्ट उरतात तुमच्याजवळ." हा विनोद त्यांनी इतक्या वेळा केला की माझी घरची पोरं तो त्यांच्या आधी म्हणायला लागली.

हसण्यावारी नेता आलं असतं. पण केनवडचं लग्न झालं.

आमच्या मावसभावाच्या मुलीचं लग्न केनवडला होतं. ती दोघं परतताना रिसोड रस्त्यावर गाडी उकळली. झाकणाच्या कडेनं वाफ फुसफुसत होती. अशा वेळी करायचं काहीच नसतं. इंजिन बंद करायचं, बोनेट उघडून ठेवायचं आणि सावलीत बसायचं. दम धरायचा, बस. पण दम धरणं म्हणजे आपल्याला कळत नाही असं कबूल करणं, आणि रस्त्यावर चार माणसं जमली होती. मनोहररावांनी ताईला ओलं पोतं दिलं आणि म्हणाले, "झाकण फिरव. मी पानी घेऊन येतो." ती म्हणाली, "गरम आहे ना हो." ते म्हणाले, "मी सांगून राह्यलो ना." तिनं फिरवलं. उकळतं पाणी उसळून तिच्या उजव्या हातावर, मानेवर आणि गळ्यावर आलं.

मला एका जीपवाल्यानं फोन केला. मी वाशिमच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा ताई आत होती, हाताला मलम लावत होते, आणि तिचा आवाज बाहेर ऐकू येत होता. मनोहरराव बाकावर बसून डॉक्टरांच्या मदतनीसाला सांगत होते की ही गॅस्केटची केस आहे. मला पाहून ते म्हणाले, "घाई केली तिनं. मी म्हटलं होतं थांब." मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि जे बोललो ते इथं छापण्यासारखं नाही. त्या दिवसापासून आम्ही दोघं एकमेकांशी फक्त लग्नकार्यात बोललो, तेही पाणी द्या, वाटी द्या इतपतच. ताईची त्वचा भरून आली, पण कोपरापासून मनगटापर्यंत ती आजही सुरकुतलेल्या कागदासारखी दिसते. "तिनं घाई केली" हे वाक्य ते पुढंही सगळ्यांना सांगत राहिले. माणूस मूर्ख असतो, चालतं. पण आपला मूर्खपणा बायकोच्या भाजलेल्या हातावर ढकलून देणारा मूर्ख मला आवडत नाही, आणि तो गेला म्हणून आता आवडायला लागेल असंही नाही.

तेरवी झाल्यावर भाचा पुण्याला परत निघाला. "मामा, भंगारात देऊन टाका ती," म्हणाला. तो गेल्यावर ताईनं चावी माझ्या हातात ठेवली. "पाहून तर घे एकदा."

मी अंगणात गेलो, बोनेट उघडलं आणि सवयीनं विचारलं, "कधी गरम होते?"

ताई ओट्यावर तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "गावात नाई होत. कारंज्याच्या गर्दीत अडकली तरी नाई होत. मोठ्या रस्त्याले लागली, ह्यायनं पाय दाबला, की काटा चढते. थांबलं की आपोआप उतरते."

मी बोनेट सोडून तिच्याकडे वळलो. "हे तू भाऊजींले सांगितलं नाई?"

"त्यायनं विचारलं नाई."

मी झाकण काढून इंजिन चालू केलं. बुडबुडे नव्हते. तेल स्वच्छ होतं. म्हणजे गॅस्केट ठणठणीत होती, सगळी वर्षं ठणठणीत होती. झाकणाचं रबर मात्र कडक होऊन चिरलं होतं, दाब धरत नव्हतं. तेवढ्यानं एवढं व्हायचं नाही. गाडी थोडी तापू दिली आणि ताईला हाक मारली. "ये, गाडीत बस."

ती डावीकडच्या दाराकडे गेली.

"तिकडं नाई. स्टेअरिंगवर बस."

ती त्या सीटवर आयुष्यात पहिल्यांदा बसली. पदर सावरला, दोन्ही हात मांडीवर ठेवले. मी म्हटलं, "उजवा पाय ठेव अन् हळूच दाब. अजून दाब. तसाच धर." इंजिन गरजलं. मी खाली वाकून पाहत होतो. रेडिएटरच्या तळातून पंपाकडं जाणारा जाड रबरी पाईप आत ओढला गेला, बोळक्या म्हातारीनं गाल आत घ्यावेत तसा, आणि चपटा झाला. पाण्याची वाटच बंद. "सोड," म्हटलं. पाईप पुन्हा गोल. त्या पाईपच्या आत एक तारेची स्प्रिंग असते, तो चपटू नये म्हणून. ती नव्हती. कुणीतरी, बहुधा विकणाऱ्यानंच, पाईप बदलताना ती टाकलीच नव्हती.

म्हणजे गाडी जोरात पळताना पाईप चपटायचा, आणि मनोहरराव थांबून गाडी गार करायला बोनेट उघडेपर्यंत गोल व्हायचा. ते पाहू लागले की रोग नाहीसा. तो दिसायला दोन माणसं लागत होती. एकानं पाय दाबायचा, दुसऱ्यानं वाकून पाहायचं. बायकोला घटकाभर आपल्या जागेवर बसवलं असतं तरी पुरलं असतं. पण ते वाकलेही नसते आणि त्यांनी तिला बसवलंही नसतं. मी नवा पाईप स्प्रिंगसकट टाकला, झाकण बदललं, थर्मोस्टॅट बसवला. रेडिएटर धुतला तेव्हा पिवळं पाणी आलं. हळदीचं. मी एकटाच मोठ्यानं हसलो.

गेल्या आठवड्यात दुकानाचा परवाना ताईच्या नावावर करायला आम्ही वाशिमला निघालो. मी चालवत होतो. मुद्दाम दाबून चालवली. कारंजा गेलं, मंगरूळ गेलं. काटा मधोमध, जागचा हलेना. मला फार बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. ताईकडे पाहिलं तर ती अस्वस्थ. सारखी खिडकीबाहेर बघत होती. मंगरूळच्या पुढं रस्त्याकडेला दोन मोठी कडुलिंबं आहेत, तिथं आल्यावर म्हणाली, "थांब ना जरा."

"काहून? बरं नाई वाटत?"

"थांब म्हटलं ना."

मी गाडी बाजूला घेतली. ती उतरली, झाडाखाली एका दगडाशी गेली आणि त्यावर बसली. त्या दगडावर जागा ठरलेली असावी तशी, एका कडेला सरकून. मी बाजूला उभा राहिलो. रस्त्यानं एक ट्रक गेला. तो लांब गेल्यावर ती म्हणाली, "वाशिमले जाताना इथंच गरम व्हायची नेहमी. मग बोनेट उघडून आमी बसत होतो थंड होईपर्यंत. दुकानात गिऱ्हाईक, घरी टीव्ही... ते माह्याशी बोलले असतील तर इथंच बोलले."

मला राग आला. भाजलेला हात पदराखाली होता, तरी मला तो दिसत होता. एवढ्या वर्षांच्या संसारात बोलायला गाडी उकळावी लागायची, आणि तिला त्याचीही आठवण येत होती. मी म्हटलं, "काय बोलायचे?"

ताईनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या ओठाचा एक कोपरा हलला.

"तुलेच शिव्या देत राह्यचे," ती म्हणाली, आणि हसायला लागली. तेरवीपासून पहिल्यांदा. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "मास्तरले काई समजत नाई म्हणायचे. फळ्यावरचा मेकॅनिक म्हणायचे..."

तिनं डोळे पुसले आणि गाडीकडे बोट केलं. "उघड ना ते."

"ताई, गाडी गरम नाई झाली."

"माहीत आहे मले. उघड."

मी जाऊन बोनेट उघडलं, दांडी लावून ठेवलं, आणि येऊन तिच्या शेजारी, दगडाच्या रिकाम्या अर्ध्या भागावर बसलो.