महादेवरावांची न सापडणारी फाइल

महादेवराव पराते यांनी एकेचाळीस वर्षं लोखंडाशी संसार केला. हिंगण्याच्या एमआयडीसीत पंपांचे दांडे बनवणाऱ्या एका कारखान्यात ते आयटीआय करून टर्नर म्हणून लागले आणि निवृत्त झाले तेव्हा तिथल्या मापखोलीचे सर्वेसर्वा होते. घराणं विणकराचं. बाप-आजाने उमरेडला माग चालवले, यांच्या वाट्याला लोखंड कातायचा लेथ आला. सुताशी नातं एवढंच उरलं, की काहीही बिघडलं तरी ते म्हणत, "धागा कुठं तुटला ते आधी पाह. काहून तुटला ते मंग."

वयाच्या बावन्नाव्या वर्षी हा माणूस कॉम्प्युटरला हुकूम सोडायची भाषा शिकायला बसला. त्या भाषेचं नाव पायथन, म्हणजे अजगर. पुतण्याचं जुनं पुस्तक डब्याच्या पिशवीतून कारखान्यात यायचं आणि जेवणाच्या सुट्टीत उघडायचं. लोक हसले. म्हणाले, पराते आता पुंगी वाजवून साप खेळवणार. तोवर प्रत्येक दांड्याची सात ठिकाणची मापं हाताने उतरवून दाखला लिहावा लागे. वर्षभरात महादेवरावांनी असं केलं, की मापं यंत्रातून निघून थेट दाखल्यावर जाऊन बसू लागली. हसणाऱ्यांपैकी निम्म्यांनी पुढे सांगितलं, की मूळ कल्पना आपलीच होती.

नंदिनी गजभियेला ही कथा पाठ होती, कारण त्या खोलीतली तिची खुर्ची महादेवरावांनीच दिलेली होती. आधी ती पॅकिंगला होती. तिच्याकडे आयटीआयचं प्रमाणपत्र आहे हे कारखान्यात कुणाला ठाऊक नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. एकदा खोक्यावरच्या चिठ्ठीतला आकडा चुकलाय हे तिने धरलं, तेव्हा महादेवराव स्वतः चालत पॅकिंगपर्यंत आले आणि म्हणाले, "मापखोलीत येतं काय वं?" ती गेली. तीन वर्षं त्यांनी तिला हाताला धरून शिकवलं, आणि ज्या दिवशी ते निवृत्त झाले त्या दिवशी खोली तिच्या हवाली केली.

पुढे दोन महिन्यांत त्यांना लकवा मारल्याची बातमी आली. सावनेरला, यमुताईंच्या माहेरगावी, त्यांनी घर बांधलं होतं. भेटायला जायला पाहिजे, असं सगळा कारखाना म्हणाला. नंदिनीही म्हणाली. म्हणता म्हणता आठ महिने गेले, आणि आपल्याकडे म्हणण्यालाच जाणं समजायची पद्धत असल्यामुळे कुणाचं काही अडलं नाही.

अडलं ते फेब्रुवारीतल्या एका शनिवारी. सोमवारी गिऱ्हाइकाचे तपासनीस चाळीस दांडे न्यायला येणार होते. नंदिनीने दाखले काढायला महादेवरावांचा प्रोग्राम चालवला, आणि पडद्यावर लाल ओळी आल्या. मोठा प्रोग्राम आपली किरकोळ कामं छोट्या छोट्या फाइलींकडून करून घेतो आणि सुरुवातीलाच त्यांना नाव घेऊन बोलावतो. अशा फाइलीला मॉड्यूल म्हणतात. लाल ओळींतली शेवटची सांगत होती, की ‘माप’ नावाचं मॉड्यूल सापडत नाही.

तिने कॉम्प्युटर बंद करून सुरू केला, इंटरनेटवर शोधलं. जो तो सांगत होता, मॉड्यूल इन्स्टॉल करा. तिने केलं, तर उत्तर आलं की असं काही नाहीच. संध्याकाळी नवे मॅनेजर दारात उभं राहून शांतपणे म्हणाले, "सोमवारी दाखले नसतील तर माल जाणार नाही. आणि मापखोलीत मला दुसरं माणूस पाहावं लागेल." म्हणजे नंदिनी परत पॅकिंगला. खोकी बांधण्यात कमीपणा नव्हता, पण त्या म्हाताऱ्याने विश्वासाने दिलेली खोली आपल्या हातून जावी, हे तिला सोसवेना.

शेवटी तिने सावनेरला फोन लावला. यमुताईंनी उचलला.

"त्यायले बोलता येत नाही वं बाई. एकच शब्द निघते तोंडातून. समजतही काही नाही. पण तू ये. कंपनीतलं कोणी आलंच नाही."

हे शेवटचं वाक्य नंदिनीला लागलं. रविवारी सकाळी प्रोग्राम आणि चाळीस दांड्यांची मापं कारखान्याच्या लॅपटॉपवर घेऊन, तो पाठीवर टाकून ती मोपेडवर निघाली. काम निघालं म्हणून चालले, हे तिला वाटभर टोचत होतं.

महादेवराव पुढच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला.

"काका, मी नंदिनी."

"तेच," ते म्हणाले.

"पाह्यलं?" यमुताई म्हणाल्या. "जेवता काय म्हटलं तरी तेच, निजता काय म्हटलं तरी तेच. डॉक्टर म्हणते बोलत राहा यायच्याशी. किती बोलाव? भिंतीशी बोलून राहिल्यावाणी वाटते." एवढं बोलून त्या पोळ्या करायला आत गेल्या.

नंदिनीने चहा घेतला. अशा माणसापुढे लॅपटॉप काढायची तिला लाज वाटली. गावच्या हवेबद्दल दोन वाक्यं बोलून ती उठणार, एवढ्यात महादेवरावांनी डाव्या हाताचं बोट तिच्या पिशवीकडे केलं. तिने कळून न कळल्यासारखं केलं. बोट तिथंच राहिलं. तेव्हा तिने लॅपटॉप काढून टीपॉयवर ठेवला आणि प्रोग्राम चालवला.

ते पुढे वाकले. बोट थेट शेवटच्या ओळीवर गेलं.

"सगळं करून पाह्यलं, काका. लोकं म्हणतात इन्स्टॉल कर. केलं, तर म्हणते असं मॉड्यूल जगात नाहीच."

यावर महादेवराव हसले. अर्ध्याच तोंडाने, पण चांगला आवाज करून हसले. यमुताई कणकेच्या हातांनी बाहेर आल्या.

मग त्यांनी डाव्या हाताच्या एका बोटाने, अक्षर शोधत शोधत, दोन ओळी टाइप केल्या. नंदिनीने त्या ओळखल्या आणि मनात कपाळावर हात मारला. मॉड्यूल सापडत नसलं तर पायथन कुठं कुठं शोधून राहिला ते त्यालाच विचार, हे यांनीच तिला शिकवलं होतं. घाबरल्यावर माणूस सगळ्या जगाला विचारतो, आणि ज्याला विचारायचं त्याला सोडून देतो.

जागांची यादी पडद्यावर आली. शेवटची जागा होती कारखान्याच्या कॉम्प्युटरवरचा एक फोल्डर, महादेवरावांच्या नावाचा.

‘माप’ ही फाइल त्यांनी स्वतः लिहिलेली होती, म्हणूनच ती जगात कुठं मिळत नव्हती. ती कारखान्याच्या कॉम्प्युटरवरच्या त्यांच्या खात्यात होती आणि प्रोग्राम रोज तिथं जाऊन तिला घेऊन येत होता. आणि शुक्रवारी, वापरात नसलेली खाती कोणती, असं कॉम्प्युटरवाल्याने विचारलं तेव्हा पहिली खूण नंदिनीनेच या नावापुढे केली होती. त्याने ते खातं मुळापासून पुसलं होतं.

"काका, तुमचं खातं मीच बंद केलं," ती म्हणाली. तिला त्यांच्याकडे पाहवेना.

"तेच, तेच," महादेवराव म्हणाले, आणि त्यांचा सूर असा होता, की सोड वं, चालते. ते काठी घेऊन उठले. आतल्या खोलीत त्यांचा जुना कॉम्प्युटर लुगड्याच्या तुकड्याखाली झाकलेला होता.

"त्याले हात नका लावू," यमुताई मागे धावल्या. "लावू देऊ नको वं, शॉक लागंन त्यायले."

त्यांनी ते कापड काढलं, कॉम्प्युटर सुरू केला आणि एका बोटाने पासवर्ड टाकला. चुकला. पुन्हा टाकला, उघडलं. तिसऱ्या फोल्डरात ‘माप’ होती. कामाच्या गोष्टीची एक प्रत घरी ठेवायची, ही जुन्या कामगाराची सवय नियमात बसत नसेल, पण त्या दिवशी नंदिनीने तिचे शंभर वेळा आभार मानले.

तिने फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन लॅपटॉपमध्ये प्रोग्रामच्या शेजारी ठेवली. ती चालवणार, तोच महादेवरावांनी तिचा हात थांबवला. आपल्या नावाच्या फोल्डरकडे धाडणारी ओळ त्यांनी शोधली आणि तिच्यातलं एकेक अक्षर पुसायला लागले.

"राहू द्या ना, काका."

त्यांनी मान हलवली आणि शेवटपर्यंत पुसलं. आता दोन्ही फाइली एकाच घरात होत्या. कुणी निवृत्त झालं, कुणी गेलं, तरी प्रोग्रामचं अडणार नव्हतं. मग त्यांनी हात काढून घेतला. नंदिनीने बटण दाबलं, आणि चाळीसही दाखले मुकाट्याने येऊन उभे राहिले. सोमवारी माल गेला आणि नंदिनी मापखोलीत राहिली, हे वेगळं सांगायला नको.

दाखले पाहताच नंदिनीने त्यांचा डावा हात दोन्ही हातांत घेतला. "काका, तुमच्यामुळे मी त्या खोलीत आहो. पहिलेही तुमच्यामुळे, अन् आजही. मी आधीच यायला पाहिजे होतं."

यमुताई मागे उभ्या होत्या. हातावरची कणीक वाळून गेली होती.

"म्हणजे यायले समजते," त्या म्हणाल्या. जवळ येऊन पुन्हा म्हणाल्या, "सगळं समजते काय वं?"

"समजते, काकू. माझ्याहून जास्त समजते."

यमुताई खालीच बसल्या. "दिवाळीत मोठा पोरगा आला होता. घर विकाव अन् यायले पुण्याले न्याव, असं ठरलं आमचं. इथंच बसून ठरवलं, यायच्या डोळ्यासमोर. गिऱ्हाईकही पाह्यलं. यायले कोणी विचारलंच नाही."

मग त्यांनी पदराने डोळे आणि हात दोन्ही पुसले, पाट ओढून नवऱ्यासमोर घेतला आणि त्यांच्या तोंडाकडे पाहत, हळू आणि स्पष्ट विचारलं, "अहो, पुण्याले जायचं काय तुमाले?"

महादेवरावांनी डावीकडून उजवीकडे मान हलवली.

"इथंच राहायचं?"

त्यांनी होय म्हणून मान खाली केली. यमुताईंनी खात्रीसाठी तेच दोन प्रश्न उलटे करून पुन्हा विचारले आणि पुन्हा तीच उत्तरं आली.

त्या उठल्या. नंदिनीच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "जेवल्याबिगर जाऊ नको." आणि तिथंच उभं राहून त्यांनी पुण्याला मुलाला फोन लावला.

"घर विकायचं नाही," त्या म्हणाल्या. पलीकडून तो बराच वेळ बोलत होता. त्यांनी ऐकून घेतलं. "हे मी नाही म्हणून राहिली, बापू. तुझे बाबूजी म्हणून राहिले."